हॅलोजनांचे डोहाळजेवण

शनिवारी दुपारी चारुलताबाई तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात धावत आल्या, भिंतीला हात टेकून वाकल्या आणि त्यांना दोन-तीन सणसणीत उमासे आले. कारण अगदी साधं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर त्यांचे यजमान सूर्यकांत सर क्लोरीन वायू तयार करत होते. पण भिंतीपलीकडे मिरच्या वाळत घालणाऱ्या शीलाकाकूंना क्लोरीन काही दिसला नाही. त्यांना दिसले ते उमासे.

"काय झालं वं चारू?"

"काही नाही काकू. वास सहन झाला नाही जरा."

"कायचा वास?"

आता आली का पंचाईत! घरात वायू करून राहिलो हे कोणाला सांगायचं नाही, अशी सरांनी सकाळीच तंबी दिली होती. चारुलताबाई सरळ मनाची बाई. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून त्या खरं तेवढं बोलल्या. "ह्यांनी कोणाला सांगू नको म्हटलं आहे, काकू. तुमच्याकडे लिंबू आहे का? आंबट काही चोखलं की बरं वाटेल."

शीलाकाकूंच्या हातातली मिरची हातातच राहिली. चारुलताबाईंनी चाळिशी गाठली होती. मुलगा जबलपूरला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. काकूंनी चार लिंबं भिंतीवर ठेवली, डोळे भरून चारुलताबाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जप वं माय." मग त्या मिरच्या तशाच टाकून घरात गेल्या आणि दहाव्या मिनिटाला चपला घालून भिलाईतल्या त्यांच्या वैशाली नगरच्या फेरीवर निघाल्या.

इकडे सूर्यकांत सरांना जगाची काही खबर नव्हती. ते सहा वर्षांपासून नेहरू नगरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते आणि सहाही वर्षं तात्पुरतेच होते. दर एप्रिलमध्ये त्यांना शाळा नमस्कार करायची आणि दर जुलैत पुन्हा बोलवायची. यंदा मात्र प्राचार्य तिवारींनी कायम करण्याची गोष्ट काढली होती. रायपूरहून शाळेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मिळाला होता, आणि त्यावर मुलांना काय शिकवतात हे पाहायला सोमवारी निरीक्षक अवधिया साहेब येणार होते.

"देखिए सूर्यकांत जी," तिवारी सर म्हणाले होते, "साहब खुश, तो आप परमानेंट. साहब नाराज, तो जुलाई में हम दूसरा आदमी देख लेंगे. हैलोजन वाला पाठ दिखाइए. लेकिन गैस नहीं. फिल्म!"

गॅसला त्यांचा विरोध का, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. मागच्या वर्षी सरांच्या प्रयोगशाळेतला क्लोरीन व्हरांड्यातून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला होता. तिवारी सर खोकत बाहेर आले तेव्हा त्यांचे काळेभोर केस काळेभोर राहिले नव्हते. पुढचे काही दिवस ते भर उन्हाळ्यात कानटोपी घालून शाळेत येत होते.

आता टीव्ही आला, व्हीसीआर आला, पण हॅलोजनची कॅसेट कुठे होती? रायपूरच्या कचेरीने ती पाठवलीच नव्हती. सरांनी ठरवलं की आपणच फिल्म काढू. रविवारी शाळा बंद, म्हणून शूटिंग घरी. आणि शनिवारी झाली ती त्याची रंगीत तालीम.

वैशाली नगरात व्हिडिओवाला एकच, माणिक. माणूस गुणी होता, पण त्याने आयुष्यात लग्नाशिवाय काही शूट केलं नव्हतं.

"एक डाव तेरवी केली होती सर," तो म्हणाला, "तर लोकं म्हने, लग्नासारखीच झाली."

"माणिकराव, इथे लग्न वगैरे काही नाही. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन. हे एक कुटुंब आहे. चौघांचे गुण दाखवायचे."

"कुटुंब हाये ना? मंग झालं. तुमी बिलकुल चिंता नोका करू. पन पाच वाजता मले निघा लागन. उतईले वरात हाये."

रविवारी दुपारी माणिकची स्कूटर फटफटत सरांच्या दारात थांबली. मागे कॅमेऱ्याची पेटी, पुढे पायाशी दिवा, खांद्यावर वायरचं वेटोळं. त्या काळात भिलाईत कोणाच्या घरी व्हिडिओ कॅमेरा गेला की आत मंगलकार्य आहे हे पोराटोरांनाही कळायचं. गल्लीतल्या खिडक्या एकामागून एक उघडल्या. शीलाकाकूंच्या घरात तर हिरव्या बांगड्यांचं खोकं तयारच होतं.

"पयले गनपती," माणिक म्हणाला.

"गणपती कशाला? हा रसायनशास्त्राचा पाठ आहे."

"सर, पयला शॉट गनपतीचाच राहते. नाही तर कॅसेट अडकते. माहा अनुभव हाये."

सरांनी देव्हारा दाखवला. सोमवारी कॅसेट अडकण्याची जोखीम त्यांना घ्यायची नव्हती. गणपती झाला, उंबरठ्यावरची रांगोळी झाली, मग माणिक टेबलाकडे वळला. टेबलावर तीन बाटल्या होत्या आणि चौथ्या जागी एक पुठ्ठा, त्यावर ठसठशीत लाल अक्षरांत 'फ्लोरीन' असं लिहिलेलं.

"हा कावून नाही आला?"

"फ्लोरीन आणता येत नाही हो. काचेला खातो, लोखंडाला खातो, कशातही राहत नाही. म्हणून नुसतं नाव."

माणिकला हे लगेच समजलं. घरचं मोठं माणूस कार्याला हजर नसलं की काय करतात, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. सर परीक्षानळ्या पुसत असताना त्याने क्लोरीनसाठी आणलेल्या जास्वंदांचा झटपट हार ओवला, पुठ्ठ्याला घातला, पुढे उदबत्ती लावली आणि सावकाश झूम केलं.

सर ओरडणार, तेवढ्यात दार वाजलं. दारात शीलाकाकू, मागे गल्लीतल्या पाच-सहा बायका. सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, हातात नारळ, तांदूळ, खण, पोह्यांचं पातेलं.

"आमाले सांगतलं नाही, आमी रागावलो नाही," काकूंनी आत पाऊल टाकत जाहीर केलं. "लाजा लागते, समजते मले. पन चोरून कराचं काम हाये काय हे? अवं माय, याच्यासाठी तर नवस करतात लोकं!"

"काय चोरून?" चारुलताबाई पुऱ्या गोंधळल्या.

"डोहाळजेवन वं!"

चारुलताबाईंच्या चेहऱ्यावर जो रंग चढला, तो सरांच्या कोणत्याही बाटलीत नव्हता. "काकू, भलतंच काय! तसं काही नाही हो!"

"पयले पयले सारेच असं म्हनतात," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चारुलताबाईंना खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

चारुलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते. खरं सांगायचं तर वायूची गोष्ट सांगावी लागणार, ती शीलाकाकूंना कळली की संध्याकाळपर्यंत तिवारी सरांना कळणार, आणि मग नोकरीचं काय? शिवाय पाच वाजता माणिक उतईला. सर चारुलताबाईंच्या कानाशी वाकले.

"भरू दे त्यांना ओटी. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"अहो, पण सारं वैशाली नगर काय म्हणेल?"

"म्हणू दे. नंतर आपण सांगू की चूक झाली."

"कोणाची?" चारुलताबाईंनी विचारलं. सर तोवर टेबलाकडे निघाले होते.

एकाच खोलीत मग दोन कार्यं सुरू झाली. टेबलाशी सर क्लोरीनच्या बरणीत फूल सोडत होते आणि खुर्चीशी बायका हिरव्या बांगड्या भरत होत्या. माणिकच्या अंगात तर वारंच शिरलं. बाटल्या दाखवताना त्याचा कॅमेरा पेंगत होता, तो बायका पाहून टुणकन जागा झाला. त्याने प्रत्येकीचा चेहरा घेतला, प्रत्येकीची साडी घेतली आणि मधूनमधून, देणंघेणं दाखवावं तसा, हात लांब करून उभे असलेले सर घेतले.

आणि बायकांच्या गप्पा? त्या काय कोणासाठी थांबतात? या वयात म्हणजे कमाल झाली यापासून सुरुवात होऊन गोष्ट तिवारी सरांच्या केसांवर गेली, तिथून उद्या येणाऱ्या साहेबांच्या खाण्यावर. सरांनाही जरा चेव आला. सहा वर्षं तोंड दाबून बसलेला माणूस तो. शीलाकाकूंनी विषय काढल्याबरोबर त्यांनीही हातातली ब्रोमीनची बाटली हलवत प्राचार्यांविषयी दोन वाक्यं बोलून घेतली. आवाजाची चिंता नव्हतीच. हिंदीतलं सगळं निवेदन त्यांनी टेपरेकॉर्डरवर आधीच भरून ठेवलं होतं, ते माणिक मागाहून चढवणार होता.

राहिला होता आयोडीन. सरांनी बशीत त्याचे खडे ठेवले आणि ड्रॉपरमधलं द्रावण पिठाच्या पाण्यात टाकायला उचललं. पण माणिकचा दिवा बशीला इतका जवळ आला की खडे आपणहून तापून त्यांची जांभळी वाफ निघू लागली. सर दचकले, हात हलला आणि द्रावणाचे थेंब पडले थेट पोह्यांच्या पातेल्यात. पोहे बघता बघता काळेनिळे झाले.

"नजर लागली!" शीलाकाकू किंचाळल्या. "माय वं, पोटुशी बाई घरात आन् पोहे काळे! कोनाची तरी नजर लागली! मीठ आना, मिरच्या आना!"

"काकू, ती नजर नाही. पोह्यात स्टार्च असतो, आणि..."

"तुमी गप बसा! तुमाले काय समजते यातलं?"

काकूंनी मीठ-मिरच्या चारुलताबाईंवरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. मिरच्यांचा धूर उठला. त्यात क्लोरीनच्या बरणीवरची काच कोणाच्या तरी पदराने सरकली. पुढच्या क्षणी साऱ्या बायका खोकत, शिंकत, नारळ सांभाळत अंगणात पळाल्या, त्यांच्यामागून उत्सवमूर्ती, त्यांच्यामागून सर. माणिक तेवढा दारात उभा राहून शेवटपर्यंत शूट करत होता. पाठवणीचा शॉट तो कधीच सोडत नसे.

सोमवारी सकाळी माणिक कॅसेट घेऊन थेट शाळेतच आला. रात्र वरातीत आणि पहाट आवाज चढवण्यात गेल्यामुळे त्याचे डोळे लाल होते. "झकास झाली सर," एवढंच तो म्हणाला. फिल्म आधी पाहून घ्यायला वेळच नव्हता. हॉलमध्ये मुलं बसली होती, पुढच्या खुर्च्यांवर अवधिया साहेब आणि तिवारी सर. चारुलताबाईंनी सरांच्या खिशात घरून अंगारा घालून दिला होता. सरांनी तो एकदा चाचपला आणि बटण दाबलं.

सनई वाजली. पडद्यावर गणपती आला, मग फुलांच्या वेलबुट्टीत अक्षरं आली, 'हैलोजन परिवार आपका हार्दिक स्वागत करता है.' मग हार घातलेला पुठ्ठा, पुढे उदबत्ती. सनई हळू झाली.

अवधिया साहेब भले गृहस्थ होते. खुर्चीतून अर्धवट उठून त्यांनी हात जोडले. "ये कौन थे?"

"फ्लोरीन, सर."

"अच्छा, अच्छा. कब गुज़रे?"

"सर... स्वभाव बहुत उग्र था. कहीं टिक नहीं पाए."

साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि ते बसले. आता निवेदन सुरू होईल म्हणून सर कान टवकारून उभे राहिले. निवेदन सुरू झालंही, पण कुठेतरी लांब विहिरीच्या तळाशी कोणी पुटपुटावं तसं. आणि त्याच्यावर, खणखणीत, शीलाकाकू!

सरांनी डोळे वटारून माणिकला बाजूला ओढलं. "माझा आवाज कुठे आहे?"

"हाये ना, मागून हाये. भटजीचा आवाज आमी कमीच ठेवतो सर, लोकं बोर होतात. पन घरच्या बायांचा आवाज नाही काढत कधी. काढला का मंग भांडनं होतात, कॅसेट वापस आनतात."

"अरे, मी काय भटजी आहे?"

"मंग कार्य कोन लावून राहिलं होतं?" माणिकने निरागसपणे विचारलं.

पडद्यावर शीलाकाकू हनुवटीला बोट लावून सांगत होत्या, "या वयात बापा! पोरगं इंजिनिअर होऊन राहिलं आन् हे पाहा!"

"क्या कह रही हैं ये?" साहेबांनी विचारलं. "मराठी है न? हमको ज़रा भी नहीं आती. आप बताते चलिए."

मागच्या बाकांवर दोन मराठी पोरांनी रुमाल तोंडात कोंबले होते. सरांनी घसा साफ केला.

"सर, कह रही हैं कि हैलोजन... इस अवस्था में भी बहुत सक्रिय रहते हैं."

"वाह! और ये चावल, नारियल?"

"चावल में स्टार्च है सर, आयोडीन की जाँच के लिए. नारियल... नारियल पात्र है. जहाँ बीकर न मिले वहाँ के लिए."

"स्थानीय सामग्री से उपकरण!" साहेबांनी खिशातून पेन काढलं. तिवारी सर मात्र ढिम्म होते. नजर पडद्यावर, चेहरा दगडाचा.

पडद्यावर क्लोरीनच्या बरणीतलं जास्वंद पांढरं पडत होतं आणि शीलाकाकूंची टकळी जोरात होती. "तुमच्याच शाळेतल्या पोरांनी सांगतलं ना! मागच्या साली कायच्या तरी वासानं त्या तिवारीचा कलप उडाला. डोस्कं असं दिसे, जसा तांब्याचा गडवा!"

"तिवारी जी का नाम लिया शायद?"

"जी सर!" सर आता पोहता येत नसताना नदीत पडलेल्या माणसासारखे हातपाय मारत होते. "कह रही हैं कि क्लोरीन रंग उड़ा देती है, इसका पहला अनुभव हमारी शाला में तिवारी सर के कक्ष में ही लिया गया."

"अरे तिवारी जी, आपने बताया नहीं!"

तिवारी सरांना एकाएकी खोकला आला. त्यांनी रुमाल काढून तोंड झाकलं आणि ते खिडकीकडे वळले.

आणि मग पडद्यावर खुद्द सूर्यकांत सरच आले. हातात ब्रोमीनची लालसर बाटली, चेहऱ्यावर खुशी, आवाज खडा. "तिवारी सरांचं काय सांगता काकू! त्यांच्यापुढे ब्रोमीन ठेवलं, तर म्हणतील चहा बरा आहे, पण साखर कमी आहे!" बायका खो खो हसल्या. माणिकने हसणारी एकेक बाई आरामात दाखवली.

"ये तो आप ही हैं!" साहेब म्हणाले. "आप क्या बोले?"

आपलंच वाक्य आपल्यालाच असं झोंबेल असं सरांना कधी वाटलं नव्हतं. सहा वर्षं, जबलपूरचं वसतिगृह, जुलैत येणारा दुसरा माणूस, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "मैं बोला सर, कि ब्रोमीन का रंग चाय जैसा होता है. ये तुलना प्राचार्य महोदय की है. मैंने तो केवल दोहराई."

"सुंदर तुलना है. बच्चों को याद रहेगी."

आता संपलं असेल असं सरांना वाटलं. पण शीलाकाकूंचं कुठलं संपतं! "आन् उद्या तो साहेब येऊन राहिला ना तुमच्या इथं? तो पाहात-बिहात काही नाही जी. माह्या भाच्याच्या शाळेत आला होता. ताटभर कचोऱ्या खाल्ल्या आन् ढेकर देऊन गेला!"

साहेबांचे कान उभे राहिले. "साहब बोलीं. और कचौरी भी बोलीं. मैंने साफ सुना."

सरांनी खिशावर हात ठेवला, आतला अंगारा घट्ट धरला आणि डोळे मिटले. "सर, हर हैलोजन के बाहरी कक्ष में सात इलेक्ट्रॉन होते हैं. आठवें की भूख कभी नहीं मिटती. सामने जो आए उससे छीन लेते हैं. गृहिणी हैं, इसलिए कचौरी का उदाहरण दिया. और साहब... मतलब, साहब, ऐसी भूख! उद्गार था, सर."

अवधिया साहेब खुर्चीत मागे रेलले. "मैंने रसायन कभी नहीं पढ़ा," ते हळूच म्हणाले, "पर ये इलेक्ट्रॉन वाली बात आज पहली बार समझ में आई."

पुढचं सोपं गेलं. शेगडीत मीठ टाकणं म्हणजे क्लोरीनच्या सर्वांत परिचित संयुगाची ओळख, हे सरांनी न विचारता सांगून टाकलं. शेवटी पदर नाकाला लावून पळणाऱ्या बायका आल्या, तेव्हा त्यांचा आवाज चांगलाच स्थिर झाला होता. "सुरक्षा अभ्यास, सर. गैस निकले तो कमरा तुरंत खाली."

दिवे लागले. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. "जन-सहभागिता! मोहल्ले की महिलाएँ रसायन सिखा रही हैं! पूरे संभाग में ऐसा काम नहीं देखा." तिथेच, तिवारी सरांच्या पाठीचा आधार घेऊन, त्यांनी शेरा लिहिला. मग कचोऱ्या आल्या. त्या खाऊन साहेब ढेकर देत जीपमध्ये बसले आणि जीप फाटकाबाहेर पडली.

सूर्यकांत सरांचे पाय आता कुठे जमिनीला लागत होते. तेवढ्यात केबिनमधून बोलावणं आलं. ते आत गेले.

"दरवाजा लावा," तिवारी सर म्हणाले. सरांनी दार लावलं. "बसा."

सर बसले. आणि बसल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला काय ऐकू आलं. ते तसेच ताडकन उठले.

"बसा जी, बसा," तिवारी सर शांतपणे म्हणाले. "मी पांढुर्ण्याचा होय. मॅट्रिकपावेतो मराठी शाळेतच शिकलो. आमच्या घरी हिंदी कमी आन् हेच जास्त."

"सर... पण आपण कधी..."

"बोललो असतो, तर तुमी लोकं स्टाफरूममधे एवढे मोकळे बोलले असते काय? मले रोज खिडकीतून सारं आयकू येते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मंग? गडवा म्हने! तांब्याचा!"

"सर, ते मी नाही, शीलाकाकू म्हणाल्या."

"आन् चहा? तेबी काकूच काय?"

नोकरी गेली, हे सूर्यकांत सरांनी मनात पक्कं केलं. चारुलताबाईंना कसं सांगायचं याचीच ते जुळवाजुळव करू लागले. तेवढ्यात त्यांना एक विचित्र आवाज ऐकू आला. तिवारी सर हसत होते. टेबलावर डोकं टेकवून, खांदे गदगदा हलवत, दोन्ही हातांनी पोट धरून हसत होते.

"त्या कचोरीवर तं मी मेलोच होतो!" ते डोळे पुसत म्हणाले. "म्हने, आठव्याची भूक! अजी, एवढं खोटं एका दमात बोलनाऱ्या मानसाले मी कायले सोडू? साहेबानं लिवून देलं, मी सही करून राहिलो. जा, तुमी परमनंट."

सूर्यकांत सरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं. ते हात जोडून उभे राहिले. "सर, तुमचे उपकार..."

"थांबा. साहेबाचा शेरा पुरा आयका. ही फिल्म साऱ्या संभागात दाखवाची हाये आन् मराठी समजवाले तुमी सोबत जाचं. कायम मानूस पाह्यजे म्हनूनच तं तुमाले कायम केलं. पयला कार्यक्रम शनिवारी, रायपूरले. तात्यापाऱ्याच्या शाळेत."

सरांनी जोडलेले हात सोडले. "सर, तात्यापाऱ्यात तर निम्मे लोक मराठी आहेत!"

"निम्मे कायले? मास्तर धरून सारेच."

"मग आवाज बंद करून दाखवू का?"

"साहेबानं आवाजाचीच तं खास तारीफ केली. पुढच्या खुर्चीत तेच बसतीन. विचारतीन, काय म्हनते ही बाई? आन् तुमी त्याइले सांगान. पांढुर्ण्याहून माह्ये दोघं भाऊबी येऊन राहिले आयकाले." तिवारी सरांनी ड्रॉवरमधून कंगवा काढून आपल्या काळ्याभोर केसांवरून फिरवला आणि एकाएकी त्यांचा चेहरा मायाळू झाला. "पन वहिनीले नोका आनू. अशा दिवसात जीपचा प्रवास बरा नाही. आन् हो, अभिनंदन बरं का."

सूर्यकांत सरांनी सांगायला तोंड उघडलं. मग त्यांना आठवलं की कागदावरची शाई अजून वाळायची आहे.

"धन्यवाद, सर," ते म्हणाले.